ऊस वाहतुकीआधी ट्रॅक्टरचे ब्रेक तपासा; दोन्ही पेडल सारखी दिसली म्हणजे पकड सारखी असते असं नाही

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, बॉनेटला हार घालतो, गंध लावतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी खाली वाकून पेडलच्या मागचा रॉड बघणारा माणूस मात्र मी अजून बघितलेला नाही. मी स्वतःही कधी बघत नव्हतो. आता दसरा होऊन गेलाय, कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागलेत, टोळ्यांच्या ॲडव्हान्सची बोलणी गावागावात चालू आहेत. पंधरा-वीस दिवसांत ट्रॅक्टर ऊस ओढायला लागतील. एकदा हंगाम चालू झाला की नंबर, खेपा आणि काटा यातून अर्धा तास निघत नाही. म्हणून ब्रेकचं काम आत्ता करायचं.

आपल्या पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी भागात ऊस काही सपाट रानातून निघत नाही. फडातून पाणंद, पाणंदीतून चढ, चढावरून खाली ओढ्याचा पूल, मग डांबरी रस्ता. चढाला दमलेला ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून मागं उलटूही शकतो, तो धोका वेगळा. ब्रेकची खरी परीक्षा मात्र उतारावर होते.

हिशोब साधा आहे. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास भरतो. मागं दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो. ब्रेक कुठं आहे? ट्रॅक्टरच्या फक्त मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना तर नाहीच. म्हणजे दोन टनांच्या गड्यानं वीस टनांचं ओझं मागं ढकलून धरायचं. त्यात वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी दहाच्या वेगाला ज्या ट्रॅक्टरचा ब्रेक छान वाटतो, तोच ब्रेक वीसच्या वेगाला उतारावर काहीच नाही असं वाटतं. ब्रेक तोच असतो.

दोन पेडल कशाला दिलेत?

हे ड्रायव्हर लोकांना माहीत आहे, पण घरातली पोरं आता ट्रॅक्टर चालवायला लागलीत, त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या पायाखाली दोन पेडल असतात. डावं पेडल डाव्या मागच्या चाकाचं, उजवं उजव्याचं. रानात नांगरताना, चिखल करताना बांधाच्या कडेला कमी जागेत वळायचं असतं, तेव्हा एकच पेडल दाबून त्या चाकावर ट्रॅक्टर फिरवतात. रस्त्याला लागताना ही दोन्ही पेडल पट्टीनं एकमेकाला जोडायची असतात. पट्टी न लावता डांबरीवर जोरात पाय पडला आणि तो एकाच पेडलवर पडला, तर एक चाक जाम आणि दुसरं मोकळं. ट्रॅक्टर गर्रकन त्या बाजूला फिरतो, मागची ट्रॉली सरळ ढकलत येते, आणि पुढचं सांगायला नको.

पट्टी जोडली म्हणजे काम झालं असं बरेच जण समजतात. मीही तेच समजत होतो.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला आमचा ट्रॅक्टर महिनाभर चालला होता, घरचं रान आणि भाड्यानंही. आमच्या वावरांना वळणं बहुतेक डावीकडची, त्यामुळं डावा ब्रेक सतत वापरात. दिवाळीच्या आसपास डावं पेडल उजव्यापेक्षा बरंच खाली जायला लागलं. मेस्त्रीकडं न्यायचा कंटाळा. मी स्वतःच पाना घेतला, डाव्या रॉडचा नट आवळला, दोन्ही पेडल सारखी उंच झाली, पट्टी बसली, अंगणात रिकामा ट्रॅक्टर चालवून बघितला, थांबला. झालं म्हटलं.

आठवड्याभरात उसाची खेप. संध्याकाळची वेळ, नंबर लवकर लागावा म्हणून घाई. थोरल्या भावाचा पोरगा दहावीला होता, तो मडगार्डवर बसलेला. खिंडीतून ओढ्याच्या पुलाकडं उतरताना मी गिअर बदललाच नाही, ज्या गिअरला वरच्या सपाटीवरून आलो त्याच गिअरला खाली निघालो. समोरून दुधाची गाडी आली म्हणून ब्रेक दाबला. डावं चाक आधी धरलं. ट्रॅक्टरचं तोंड डावीकडं ओढलं आणि मागनं ट्रॉलीनं धक्का दिला. पुढचं चाक चरीत गेलं, बांधाला टेकलं, म्हणून थांबलो. पोरगं मडगार्डवरनं उडून उजवीकडं रस्त्यावर पडलं. मनगट मोडलं, पण ट्रॉलीच्या चाकापासून दीड-दोन हातावर पडलं होतं. ते अंतर मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा बघून आलो.

मेस्त्री आले, त्यांनी रॉड बघितला आणि म्हणाले, "काय ओ पत्रकार, पेडल सारखं केलंसा, पकड कुणी बघायची? पेडलचा खेळ सारखा दिसला म्हणजे चाकं सारखी धरत्यात असं नसतंय." डाव्या बाजूच्या प्लेटा झिजलेल्या, ती बाजू मी घट्ट आवळलेली, आणि उजव्या बाजूच्या पेडलचा दांडा चिखलानं अर्धवट जाम झालेला. त्यामुळं डावी बाजू लगेच धरत होती आणि उजवी उशिरा. रिकाम्या ट्रॅक्टरला हा फरक कळत नाही. ओझं मागं असलं की कळतो.

तपासणी कशी करायची

सगळ्यात आधी आपल्या ट्रॅक्टरला कुठला ब्रेक आहे ते माहीत करून घ्या. जुन्या बऱ्याच मॉडेलना सुका ब्रेक असतो, म्हणजे लायनर असलेल्या डिस्क किंवा ड्रममधले शू कोरडेच घासतात. अलीकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना तेलातला ब्रेक असतो. कंपनीवाले 'ऑइल ब्रेक' म्हणतात तोच. यात डिस्क मागच्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. तेलातला ब्रेक जास्त टिकतो, चिखलपाण्याचा त्रास कमी, पण म्हणून त्याच्याकडं बघायचंच नाही असं नाही. गावात लोक ऑइल ब्रेक म्हणजे कारसारखा बाटलीतल्या ऑइलवर चालणारा ब्रेक समजतात, तो घोळ करू नका. बहुतेक ऑइल ब्रेकचंही पेडल रॉडनंच ओढलं जातं.

इंजिन बंद, ट्रॅक्टर सपाट जागेवर. पट्टी सोडा. हातानं एकेक पेडल हळू दाबा. सुरुवातीला काही अंतर पेडल नुसतंच हलकं जातं, मग जड लागतं. त्या हलक्या अंतराला पेडलचा खेळ म्हणतात. हा खेळ किती हवा ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं असलं तर शोरूमला विचारा. शाळेची पट्टी पेडलशेजारी उभी धरून मापा, अंदाजानं नको. खेळ जास्त असेल तर ब्रेक उशिरा लागतो हे सगळ्यांना कळतं. पण खेळ अजिबात न ठेवणं हेही तितकंच वाईट. मग ब्रेक सतत थोडा लागलेलाच राहतो, चाक जड फिरतं, डिझेल जास्त खातं, प्लेटा तापून लवकर संपतात. काही जण 'कडक ब्रेक' हवा म्हणून मुद्दाम तसं करून घेतात.

मग पेडल सोडल्यावर झटक्यात वर येतं का बघा. रेंगाळत वर येत असेल तर स्प्रिंग तरी गेलंय किंवा पेडलचा दांडा चिखलानं, गंजानं अडकतोय. त्या दांड्याला ग्रीसचं निप्पल असतं, बहुतेक वेळा मातीनं झाकलेलं. खरवडून काढा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा. चिखलणी झालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरला हे काम करायलाच पाहिजे. खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या बाबतीत अर्धं कारण हेच होतं.

रॉडवर आवळायचा नट असतो आणि तो सुटू नये म्हणून त्याला टेकलेला दुसरा चेक नट. चेक नट ढिला असेल तर हादऱ्यानं सगळी सेटिंग बदलते. रॉडच्या टोकाच्या पिना झिजून त्यांची भोकं लांबट झालीत का, पिनेत स्प्लिट पिन आहे का की तिथं कुणी तार अडकवलीय, तेही बघा. आणि रॉडवरचे आटे किती शिल्लक आहेत ते बघा. आवळून आवळून आटे संपत आले असतील तर प्लेटा संपल्यात. आता नट आवळायचा नाही, मेस्त्रीकडं न्यायचा.

सेटिंग स्वतः करायची असेल तर मागची दोन्ही चाकं अधांतरी करावी लागतात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली जाऊ नका, एक्सलखाली जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एका माणसानं पट्टी लावून दोन्ही पेडल थोडी दाबून धरायची आणि दुसऱ्यानं एकेक चाक हातानं फिरवून बघायचं. दोन्ही चाकं सारखी जड लागली पाहिजेत. एक फिरतंय आणि एक धरतंय असं असेल तर धरणारी बाजू थोडी सोडायची किंवा फिरणारी आवळायची, खेळ मात्र पुस्तकात दिलाय त्याच मर्यादेत ठेवून. तो जमत नसेल तर आतमध्ये काम आहे असं समजा.

धुळीतली परीक्षा

आता जी तपासणी मी त्या अपघातानंतर दर हंगामाला करतो आणि जिला एक रुपया लागत नाही. ट्रॉली सोडा. सपाट, मोकळा, बारीक धूळ किंवा मुरूम असलेला रस्ता बघा, माणसं-जनावरं नकोत. पट्टी लावा. चालत्या माणसाच्या दुप्पट वेगानं चला, स्टिअरिंग सरळ धरा आणि क्लच व ब्रेक एकदम दाबून ट्रॅक्टर उभा करा. खाली उतरा आणि मागं जाऊन चाकांच्या घासलेल्या खुणा बघा. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी सुरू झाल्या पाहिजेत आणि सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब, एक आखूड असेल, किंवा एकाच चाकाची खूण उमटली असेल, तर पट्टी लावूनही तुमचा ट्रॅक्टर एका बाजूला ओढणार. टायरमधली हवा दोन्हीकडं सारखी आहे ना हे आधी बघून घ्या, नाहीतर चुकीचा निष्कर्ष निघेल. डिफरन्शियल लॉक लागलेलं नको.

आधी खेळ मापायचा, मग ही परीक्षा. माझ्यासारखं फक्त खेळावर थांबू नका.

सुक्या ब्रेकचा जास्त विचार करावा लागतो. मागच्या एक्सलचं सील गेलं की ऑइल लायनरवर येतं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या घरट्याखाली काळं ओलं दिसलं तर तेच समजा. तेल प्यालेलं लायनर पेट्रोलनं धुवून, शेकोटीवर भाजून परत बसवणारे मेस्त्री आहेत. असं करू नका. चार दिवस चालतं आणि तापलं की आत मुरलेलं तेल परत वर येतं. सील आणि लायनर दोन्ही बदला, आणि एकाच बाजूचं नको, दोन्ही बाजूंची जोडी बदला. ब्रेक उघडल्यावर आतली धूळ तोंडानं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाणं वाईट. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

तेलातल्या ब्रेकला तेलच सगळं काही. मागच्या ऑइलची पातळी बघा. काडीवर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. चिखलणीत खोल पाण्यात चाललेल्या ट्रॅक्टरला हे होतं. ऑइल बदलताना पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. दुकानदार म्हणतो हेही चालतं, म्हणून साधं गिअर ऑइल घातलं तर ब्रेक मारताना घुर्रघुर्र आवाज येतो, ट्रॅक्टर थरथरतो आणि प्लेटा घसरतात. काही मोजक्या ट्रॅक्टरना खरोखर पाइपमधून जाणारा हायड्रॉलिक ब्रेक असतो. त्यांच्या डब्याच्या झाकणावर जे ऑइल लिहिलंय तेच आणि तेवढंच. पेडल मऊ, फुगा दाबल्यासारखं लागत असेल तर पाइपात हवा आहे किंवा कुठंतरी गळतंय.

हँडब्रेकची परीक्षा थोड्या उतारावर, रिकाम्या ट्रॅक्टरवर घ्या. तो धरला तरी भरलेली ट्रॉली उतारावर त्याच्या भरवशावर सोडून चहाला जाऊ नका. लो गिअर टाकायचा आणि ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचे.

ट्रॉलीचं

ट्रॉलीला ब्रेक असेल तर तुम्ही नशीबवान. काही ट्रॉल्यांना ढकल्यानं लागणारा ब्रेक येतो, म्हणजे ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली पुढं ढकलायला लागली की हुकाजवळचा दांडा आत जाऊन ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. पण रिव्हर्स घेताना तोच ब्रेक लागतो आणि कटकट होते, म्हणून बरेच जण तो तारेनं बांधून बंद करून टाकतात. कारखान्याच्या यार्डात अशा बांधलेल्या तारा मी स्वतः मोजल्यात, एका रांगेत चार. रिव्हर्सला अडवून ठेवायची पिन वेगळी दिलेली असते, ती वापरा आणि पुढं निघताना काढा. हायड्रॉलिक पाइपनं जोडायचा ब्रेक असेल तर पाइप चिरलाय का, कपलिंग नीट बसतंय का बघा.

ब्रेक नसेल तर निदान हुकाची पिन झिजलेली नको, तिला खालून क्लिप हवी आणि पिन तुटली तरी ट्रॉली धरून ठेवणारी जाड साखळी हवी. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही जोडांना. चाकं जॅकवर घेऊन हलवून बघा, बेअरिंग खडखडत असेल तर आत्ताच ग्रीस आणि बेअरिंगचं काम करून घ्या.

उतार लागण्याआधी

कितीही चांगला ब्रेक असला तरी भरलेल्या ट्रॉलीला उतारावर ब्रेकनं धरून ठेवायचं नसतं, इंजिननं धरायचं. ज्या गिअरला तो उतार चढला असता, त्याच गिअरला उतरायचा. आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. मध्यावर वेग वाढल्यावर खालचा गिअर बसत नाही, दात करकरतात आणि त्या गडबडीत ट्रॅक्टर न्यूट्रल राहतो. तेव्हा फक्त देव. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे आणि क्लच दाबून ठेवणारे दोघं एकच चूक करतात, इंजिनची पकड सोडून देतात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर कच्च्या, निसरड्या उतारावर ते लावा. पुढची चाकंही गिअरला जोडली गेल्यामुळं तीही धरतात.

ब्रेक लावताना एकसारखा घासत उतरू नका, थोडा दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला की बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. ओढ्यातून पाण्यातून आलात आणि सुका ब्रेक असेल तर बाहेर आल्यावर सपाटीवरच दोन-चार वेळा हलका दाबून वाळवून घ्या, मगच उताराला लागा. आणि मडगार्डवर कुणाला बसवू नका. शेजाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. आमचा पुतण्या आता कॉलेजला जातो, पण थंडीत त्याचं मनगट अजून दुखतं. आमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा धरायचा दांडा मी त्याच वर्षी कापून टाकला. बसायला काही धरायला नसलं की माणसं आपोआप बसत नाहीत.

मेस्त्रीकडं नेलात तर "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. ओढतोय कुठल्या बाजूला, आवाज येतो तो थंड असताना की तापल्यावर, रॉडवर किती आटे शिल्लक आहेत, मागचं ऑइल कधी आणि कुठलं घातलं, हे सांगा. काम झाल्यावर मेस्त्रीला बरोबर घेऊनच धुळीतली परीक्षा करा, खुणा दोघांनी बघा, आणि मगच पैसे द्या.